तुझ्या वतीने हो

१२ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे थेट कचऱ्यात टाकलं असशील, तर विषयच संपला. पण तुला बंद पाकीट बघवत नाही, हे तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून मला माहीत आहे. तेव्हा वाचते आहेस असं धरून चालते.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस. दारी आले तर तुझ्या अहोंनी जाळीच्या दाराआडून सांगितलं, "ती झोपलीय." सकाळचे अकरा वाजले होते आणि मागे तुझ्या सपातांचा आवाज येत होता. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात त्यांचे. मी "बरं" म्हटलं आणि जिना उतरले. त्याला आता पाच महिने झाले.

मला एवढंच सांगायचंय की मी तुझं वाईट व्हावं म्हणून काही केलेलं नाही. माझं काम तुला ठाऊक आहे. वकिलांनी लिहिलेलं, लोकांना कळेल अशा भाषेत करून द्यायचं. 'मनाची वही' निघाली तेव्हा बावीस पानी मसुदा माझ्या टेबलावर आला. फोनवर रोज मनातलं लिहायचं, वही गोड बोलून धीर देणार, अशी ती कल्पना. मसुद्यात एक वाक्य होतं: 'वापरकर्ता आपली वैयक्तिक माहिती संलग्न संस्थांना हस्तांतरित करण्यास संमती देत आहे.' साहेब म्हणाले, "ताई, हे वाचून माणूस पळून जाईल हो. घरच्या भाषेत करा." मी केलं: 'मन मोकळं करा. तुमचं म्हणणं आपल्या माणसांपर्यंत पोहोचू द्या.' खाली मोठं हिरवं बटण, त्यावर फक्त 'हो'.

आता 'आपल्या' म्हणजे कुणाच्या? वाचणाऱ्याला वाटणार, माझ्या. नवरा, बहीण, एखादी मैत्रीण. कंपनीला म्हणायचं होतं, आमच्या. म्हणजे ज्यांच्याकडे ही माहिती जायची त्या सतरा संस्था. आपल्या भाषेची ही गंमतच आहे, 'आपण' म्हटलं की बोलणाराही त्यात आला, ऐकणाराही आला, आणि आदराने बोलायचं ठरवलं तर समोरचा एकटाच. साहेबांनी तो शब्द सगळ्या खोलीसमोर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मी आठवडाभर हवेत होते, खोटं कशाला सांगू.

त्या सतरांत लोकांची पारख करून अहवाल विकणारी एक संस्था असेल, आणि मूल दत्तक देणाऱ्या तुमच्या त्या संस्थेने नेमका तिच्याकडूनच तुमच्या घराचा अहवाल मागवला असेल, हे मला स्वप्नात तरी सुचलं असतं का? सव्वादोन लाख लोकांनी ते बटण दाबलंय, धाकटे. एक शब्द जरा ऐसपैस झाला म्हणून सख्ख्या बहिणीला कुणी असं तोडतं का?

मला राग आलाय. आला तर आला, लिहून टाकला.

ताई

२ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे.

मागच्या पत्राची नक्कल आज पुन्हा वाचली. (नक्कल ठेवते मी. हस हवं तर.) वाचून माझीच मला लाज वाटली. बहिणीला लिहायला बसले होते आणि लिहिला कंपनीचा खुलासा. शुद्धलेखनाची मात्र एक चूक नाही त्यात, काय करायचंय त्याला!

शब्द माझा होता हे मी कबूल केलं. बटणाचं बोलले नाही. तर ते आज बोलते.

तू दवाखान्यातून घरी आल्याला महिना झाला होता. कपाटाशी ती पिशवी तशीच भरलेली पडली होती, लंगोट, टोपडं, सगळं आत. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलत नव्हतीस, जेवत नव्हतीस. मला काही सुचेना. मला येतं काय, तर शब्द. म्हणून मी तुझ्या फोनवर मनाची वही घातली. म्हटलं, माझ्याशी नाही तर नाही, हिच्याशी तरी बोलेल. ते हिरवं बटण आलं तेव्हा तू म्हणालीस, "तूच बघ काय ते." मी बघितलं आणि तुझ्या वतीने 'हो' दाबलं. तू सांगितलंस, मी केलं. एवढंच झालं त्या दुपारी.

त्या वहीत तू काय लिहितेस हे मी कधीच विचारलं नाही. तुझ्या अहोंनीही विचारलं नव्हतं. आम्हाला दोघांना ते कळलं दोन वर्षांनी, संस्थेच्या बाईंच्या टेबलासमोर. तू मला मुद्दाम बोलावलं होतंस त्या दिवशी, "गोटीला न्यायला तूही चल" म्हणून. आणि त्या बाईंनी चष्मा वर सरकवून अहवालातली ओळ वाचली: "'बाळ रडत होतं. मी उठले नाही.' हे तुम्हीच लिहिलंय ना?"

घरात बाळ नव्हतं हे त्या अहवालात कुठेच नव्हतं. नुसती ओळ, तारीख, दुपारची वेळ, आणि शेजारी 'मुलाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता'. तुझ्या अहोंनी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. मी त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

गोटी आत खेळत होती. तीन वर्षांची ती चिमुरडी, मुठीत कायम काहीतरी गोल धरून ठेवायची. बटण, खडा, पेनाचं टोपण. दाईने सोडवायला घेतलं तर भोकाड पसरायची, आणि तुझ्यासमोर आपणहून मूठ उघडायची. तुमच्या घरी टेबलाच्या कोपऱ्यांना मऊ पट्ट्या लावून झाल्या होत्या. तुझे अहो स्वतः गुडघ्यावर चालत घरभर फिरले होते म्हणे, तिच्या उंचीवरून काय काय लागतं ते बघायला.

तुम्ही तक्रार मंडळात गेलात हे मला कळलंय. गेल्या आठवड्यात तुझे अहो येऊन गेले माझ्याकडे. त्यांनी नीट समजावून सांगितलं. संमती खरी नव्हती हे सिद्ध झालं तर अहवाल बाद होतो, अहवाल बाद झाला तर तुमची फाईल पुन्हा उघडते, आणि गोटीला कुणी नेलेलं नसेल तर तुमचं नाव आधी. कंपनी म्हणते, 'बटण यांच्याच फोनवरून दाबलं गेलंय.' "ताई, तुम्ही लिहून द्याल का?" मी म्हटलं, बघते. चहा न घेताच गेले.

बघते म्हटलंय, म्हणजे बघेन.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकटे,

झालं एकदाचं! लिहिलं मी. नऊ पानं झालीत, सोबत प्रत पाठवतेय. दहा मार्चपर्यंत मंडळात द्यायचंय, सुनावणी अठ्ठावीसला आहे.

अकरा वर्षं मी लोकांना सहज 'हो' म्हणायला लावणारं लिहिलं, तर म्हटलं एकदा तेच कसब तुझ्या कामी येऊ दे. मंडळावरच्या त्या तीन माणसांना कळायला नको का, की ती ओळ लिहिणारी बाई कुठल्या अवस्थेत होती? म्हणून काहीही हातचं राखलं नाही. सातवा महिना, तो दवाखाना, तू बाळाला हातात घ्यायला नको म्हणालीस ते, नंतर नर्सच्या मागे धावत गेलीस ते. सहा महिने तू आरसा झाकून ठेवला होतास ते. मी केस विंचरायला यायचे तेव्हा तू काय काय बोलायचीस ते. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये सापडली, गोळ्यांची नावंसुद्धा घातली. तुझे अहो तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन एकटेच रडायचे हेही लिहिलं, माणूस म्हणून ते कसे आहेत तेही कळू दे.

सातवं पान लिहिताना मलाच हुंदका आवरेना. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर नाव बदलीन. बटणाचंही लिहिलंय, दुसऱ्या पानावर आहे ते.

तुझी हरकत नसणारच, तुझ्याच भल्याचं आहे. तरी प्रत पाठवतेय, तारखाबिरखा तेवढ्या तपासून घे.

आता तरी रागावू नकोस गं. गोटी येईल बघ घरी.

ताई

११ मार्च

धाकटे,

तुझं पाकीट शनिवारी आलं. पाच महिन्यांत... नाही, सात झाले. सात महिन्यांत तुझ्या हातचं पहिलंच काही. मी दारातच उघडलं, चपला काढायचंही भान राहिलं नाही.

माझीच नऊ पानं होती ती. तू फूटपट्टी लावून खोडली होतीस, एकेक ओळ. दवाखाना खोडलेला, आरसा खोडलेला, गोळ्या, नर्स, तुझे अहो, सगळं खोडलेलं. सातवं पान वरपासून खालपर्यंत काळं. ज्या पानावर मी रडले ते. पहिल्या पानाच्या समासात तीन शब्द होते, 'हे तुझं नाही', आणि त्याखेरीज कुठेच काही नाही. शिवी नाही की सही नाही.

आधी मला संतापच आला. मनात म्हटलं, बाई, तुझ्यासाठी मी नोकरी पणाला लावतेय आणि तू माझं लिखाण काय तपासतेस? मग जेवायला बसले आणि ताट तसंच सारून उठले. तुझं सगळ्यांत आतलं जे काही होतं ते मी तीन परक्या माणसांच्या टेबलावर मांडायला निघाले होते. कंपनीने तुझी एक ओळ दिली, मी नऊ पानं देणार होते. आणि तुला विचारलं काय, तर तारखा तपास.

नऊ पानांतलं दीड पान उरलं. तेवढं माझं. माझं काम, माझा शब्द, माझं बोट.

त्या दीड पानात एक ओळ तू खोडली नव्हतीस. 'ती म्हणाली, तूच बघ काय ते.' तिच्या पुढे तू पेन्सिलीने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं होतंस, लहानसं.

खरं आहे. तू तसं म्हणाली नव्हतीस.

मी ते वाक्य कधी तयार केलं मला सांगता येणार नाही. बहुतेक त्या बाईंच्या टेबलावरून घरी येताना, बसमध्ये. पुढे मी ते मनाशी इतक्या वेळा म्हटलं की त्यात तुझा आवाजही ऐकू यायला लागला. खरं काय झालं ते तुला आठवतंय आणि मलाही आठवतंय. तू भिंतीकडे तोंड करूनच विचारलंस, "हे कोण वाचणार?" महिनाभरात तू पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतंस. आणि मी म्हटलं, "कोणी नाही गं. कुणाला वेळ आहे!" तू गप्प राहिलीस. मी त्या गप्प राहण्याला 'हो' म्हटलं आणि बटण दाबून टाकलं. त्या सतरा संस्थांची यादी तेव्हा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होती, धाकटे. मी ती वाचलेली होती.

अजून एक. तुझ्या अहोंना मी 'बघते' म्हटलं असं तुला लिहिलं. त्यांनी तुला खरं सांगितलंच असेल. त्यांनी विचारलं, "बटण तुम्ही दाबलंत ना, ताई?" आणि मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही." माझे कान लालबिल काही झाले नाहीत. कंपनीचं आतलं बाहेर बोलणार नाही अशा कागदावर मी सही केलेली आहे, तो कागद न वाचताच केलेली. नोकरी जाईल याची भीती वाटली. आणि त्याहून जास्त, मी चांगली बहीण आहे हे माझं मलाच मोडायचं नव्हतं. म्हणून त्या भल्या माणसाला मी दारातून परत पाठवलं. मला माझी शरम वाटते, साधी सरळ शरम, तिला दुसरा चांगला शब्द नाही माझ्याकडे.

काल दीड पान मंडळात दिलं. त्या ओळीच्या जागी तुझा प्रश्न आणि माझं उत्तर लिहिलं. तो प्रश्न तुझा आहे, म्हणून आधी तुझ्या अहोंना फोन करून तुला विचारायला लावलं, घालू का म्हणून. ते आत गेले, आले, आणि म्हणाले, "चालेल म्हणते." मी तीनदा विचारलं, नक्की ना? वैतागले असतील.

सहीखाली तारीख घातली. अडीच वर्षांनी खरं लिहिलं एकदाचं.

ताई

९ एप्रिल

धाकटे,

तू मंडळाच्या जिन्यावरून उतरून गेलीस त्याला बारा दिवस झाले. मी रोज लिहायला बसते आणि उठते. आज पुरं करीनच.

तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी मला लिहू दे. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझं दीड पान वाचलं आणि विचारलं, "हे तुमच्या कंपनीला ठाऊक आहे?" मी म्हटलं, आज कळेल. कंपनीचे वकील म्हणाले, मजकुरात तर 'आपल्या माणसांपर्यंत' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कुणाच्या?" ते मजकुराकडे बघत राहिले, आणि मला हसूही येईना. मग अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, "तुमच्या बहिणीने लिहिलेलं तुम्हाला मान्य आहे?"

तू कागद मागून घेतलास. उभी राहून वाचलास, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, बोट ठेवून. पान उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितलीस. वकील घड्याळ बघत होते, पंखा फिरत होता, आणि तू वाचत होतीस. मग म्हणालीस, "हो. मान्य आहे." मी आयुष्यभर लोकांकडून 'हो' काढून घेतले, पण दिलेला 'हो' पहिल्यांदा तिथे बघितला.

अहवाल बाद झाला. फाईल उघडली. तुझ्या अहोंनी तुझा हात धरला. आणि मग संस्थेच्या बाई उठल्या आणि चष्मा हातात धरून म्हणाल्या की ती मुलगी सहा मार्चला दुसऱ्या घरी गेली. तो चष्मा त्यांनी परत घातला नाही, ते मी बघितलं.

सहा मार्च. तुझे अहो माझ्या दारी आले होते जानेवारीच्या शेवटी. तेव्हाच मी दीड पान लिहून दिलं असतं तर सुनावणी फेब्रुवारीत झाली असती, हे अध्यक्षबाईंच्या कारकुनाने मला नंतर बाहेर सांगितलं. मीच विचारलं होतं. गोटी तुमच्याकडे आली असती. कंपनीमुळे नाही, शब्दामुळेही नाही. मी "आठवत नाही" म्हटलं, त्यामुळे ती आली नाही. हे मी कुणावर ढकलू शकत नाही आणि ढकलायचंही नाही.

नोकरीचं विचारशील तर गेली. ते सोड.

जिन्यावर तू थांबलीस. मला "ताई" म्हणालीस. सात महिन्यांनी! तू म्हणालीस, "ताई, ती कुठे गेली ते तुला कळू शकेल ना? तुझी ती ऑफिसातली मैत्रीण आता त्या पारखवाल्यांकडेच आहे. मला तिला न्यायचं नाहीये. नुसतं कळू दे, बरी आहे का. मूठ उघडते का कुणासमोर."

कळू शकेल, धाकटे. एका फोनचं काम आहे. त्या घराचाही अहवाल त्यांच्याकडे असणार. त्या आईनेही कधी कुठे काही लिहिलं असेल, रडत, भिंतीकडे तोंड करून, आणि तेही तिथे असेल. मैत्रीण नाही म्हणणार नाही. तुझा चेहरा बघून माझा हात पर्समध्ये गेलाही होता. तुझ्यासाठी मी आजवर न विचारता काय काय केलं, आणि तू त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून मागत होतीस.

मी म्हटलं, "कळू शकेल. पण मी विचारणार नाही."

मग म्हणालीस, "माझ्या वेळेला बरं सुचलं नाही तुला हे," आणि गेलीस. तुझे अहो तुझ्या मागोमाग धावले.

तुझं बरोबर आहे. तुझ्या वेळेला मला सुचलं नाही. सुचलं असतं तर तू आज मला विचारतच नव्हतीस, ती तुझ्या कडेवर असती. हे मी रोज उठून स्वतःला सांगते आणि त्याने काही हलकं होत नाही.

तू पुन्हा बोलली नाहीस तरी चालेल, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. चालणार नाही मला. मी आता एकटीच चहा करते आणि दोन कप काढते, अशी अवस्था आहे. पण तू पुन्हा विचारलंस तरी मी तो फोन करणार नाही, आणि हे तुला पटावं म्हणून मी एकही गोड शब्द शोधलेला नाही.

ती बरी आहे का, ते मला माहीत नाही. तुलाही कळणार नाही. त्या घरातल्या बाईला आपण माहीतही नाही, आणि तिने दार लावून घेतलेलं आहे.

ताई